रिपोर्टमध्ये पी-५३ ‘जास्त’ आलंय, मग ते चांगलं नाही का?

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच प्रथिनाभोवती फिरणारी निघाली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून घरोघरी विकल्या जाणाऱ्या पावडरीपर्यंत विषय वेगवेगळे, पण मुळाशी पी-५३ आहेच. म्हणून आजची सगळी जागा त्यालाच देते. पहिलं पत्र मी तीनदा वाचलं. त्याचं उत्तर लांबेल, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे, कराडजवळ गावी राहते. दिवाळीपासून तिचं पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. चार महिने पित्ताच्या आणि गॅसच्या गोळ्या झाल्या. शेवटी सोनोग्राफीत पोटात पाणी आणि अंडाशयावर गाठ निघाली. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा’ असं आहे आणि खाली ‘डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह, पॅक्स-८ पॉझिटिव्ह, पी-५३ म्युटंट टाइप, ओव्हरएक्स्प्रेशन’. माझा भाऊ म्हणतो, पी-५३ हे कॅन्सर रोखणारं प्रथिन आहे, मग ते जास्त असणं चांगलंच की. पण ‘म्युटंट’ शब्द वाचून मला झोप नाही. हे माझ्यात, माझ्या मुलीत उतरलं असेल का? केमोच्या गर्दीत डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं. — एक लेक

उत्तर : ताई, तुमच्या भावाने वाचलेलं खरं आहे आणि रिपोर्टही खरा आहे. दोन्ही शेजारी ठेवले की कोडं पडतं. हेच कोडं उलट्या बाजूने जगातल्या नामवंत शास्त्रज्ञांना दहा वर्षं पडलं होतं. त्याकडे येतेच. आधी तुमच्या आईची स्लाइड आमच्या टेबलावर कशी दिसते ते सांगते, कारण रिपोर्टमधली ती ओळ तिथे जन्माला येते.

आईच्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला असतो. आम्ही त्याला ब्लॉक म्हणतो. मायक्रोटोमच्या पात्याखालून त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढे. काप एकाला एक चिकटून फितीसारखे येतात. ती फीत कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुत्या उलगडल्या की खालून काच घालून उचलायची. मिरजेत ३१ वर्षं मी हे काम केलं आणि करवून घेतलं, तरी पाण्यावर फीत पसरताना आजही माझा श्वास आपोआप रोखला जातो. मग त्या कापावर फक्त पी-५३ला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी घालतात आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उमटवतात. बाकी केंद्रकं निळी राहतात.

पी-५३ धडधाकट असेल तर हा तपकिरी रंग भाकरीवरच्या डागांसारखा पडतो. कुठे फिकट, कुठे गडद, कुठे काहीच नाही. याला आम्ही ‘वाइल्ड टाइप’ म्हणतो, म्हणजे मूळचं, न बिघडलेलं. तुमच्या आईच्या गाठीत जवळजवळ प्रत्येक केंद्रक सारखंच गडद दिसलं असणार, चिंचोके दाटीने पसरून ठेवावेत तसं. काही रुग्णांत याच्या अगदी उलट चित्र दिसतं. गाठ निळीशार, एकाही पेशीत तपकिरीचा ठिपका नाही. शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या आणि पांढऱ्या पेशींत मात्र थोडाथोडा रंग असतो, म्हणजे रंगवण्यात चूक झालेली नसते. त्या रुग्णांच्या गाठीतलं प्रथिन मुळात तयारच होत नाही. तोही रिपोर्ट ‘म्युटंट’ असाच जातो. सगळीकडे असणं आणि कुठेच नसणं, दोन्ही बिघाडाच्याच खुणा.

मुळीच नसणं हा बिघाड, हे पटकन पटतं. खूप असणं बिघाड कसा?

निरोगी पेशी पी-५३ सतत बनवते आणि सतत मोडते. एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून मोडीत पाठवतं, ते इतकं तातडीने की बनलेल्यातलं निम्मं साधारण वीस मिनिटांत संपलेलं असतं. बनवायचं आणि लगेच मोडायचं, ही उधळपट्टी वाटेल. पण त्यामुळे हाक आली की उशीर होत नाही. डीएनएला इजा झाली, समजा उन्हाने, किरणांनी, धुराने, की एमडीएम-२ची पकड सुटते आणि पी-५३ भराभर साठतं. ते डीएनएवर जाऊन बसतं आणि काही जनुकं चालू करतं. त्यातलं पी-२१ पेशीचं विभाजन थांबवतं, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो. इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर तीच पेशी स्वतःला संपवते. आपल्या अंगात हे रोज चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. आणखी एक गोष्ट. पी-५३ जी जनुकं चालू करतं त्यात एमडीएम-२चं जनुकही असतं. म्हणजे काम उरकलं की आपल्याला हटवणाऱ्याला ते स्वतःच बोलावून घेतं.

आता त्याच्या जनुकात एका अक्षराची चूक झाली आणि डीएनए धरायची जागाच वाकडी झाली असं धरा. डीएनए धरता येत नाही, तर पी-२१ चालू होत नाही, विभाजन थांबत नाही, पेशी मरत नाही. आणि एमडीएम-२लाही बोलावणं जात नाही. त्यामुळे हे निकामी प्रथिन मोडीत न जाता साठत राहतं. माझ्या आजोळी पूर्वी गावचा जागल्या रात्री हाळी देत फिरायचा. त्याचा आवाज गेला आणि तरी त्याला कुणी घरी पाठवलं नाही, तर तो प्रत्येक वळणावर उभा दिसेल, पण गाव जागं होणार नाही. स्लाइडवरचे ते चिंचोके म्हणजे असे मुके जागले. शिवाय पी-५३ एकट्याने काम करत नाही, त्याचे चार रेणू जोडीने बसतात. आईकडून आलेली प्रत बिघडली आणि वडिलांकडची चांगली असली, तरी चौघांच्या टोळीत एखादा वाकडा शिरला की टोळीचं काम ढासळतं. पुढे बहुतेक वेळा ती चांगली प्रतही गाठीतून गळून जाते.

आता त्या दहा वर्षांबद्दल. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायोनेल क्रॉफर्ड, प्रिन्स्टनला आर्नोल्ड लेव्हिन, तसंच न्यूयॉर्क आणि पॅरिसजवळचे गट, सगळ्यांना जवळपास एकाच वेळी हे प्रथिन सापडलं. माकडातल्या एका विषाणूमुळे उंदरांत गाठी होतात, बहुतेकांना हे त्या विषाणूच्या प्रथिनाला चिकटून आलेलं दिसलं. प्रथिनं मोजायच्या जेलवर त्याचं वजन ५३ हजार डाल्टन (रेणूंच्या वजनाचं माप) भरलं, म्हणून नाव पी-५३. (खरं वजन ४४ हजारांच्या आसपास आहे. त्याच्या साखळीत प्रोलिन जास्त असल्यामुळे ते जेलमधून रेंगाळत सरकतं आणि जड भासतं. चुकीचं वजनच नाव होऊन बसलं.) गाठींमध्ये ते भरपूर सापडायचं, म्हणून हेच गाठ वाढवणारं असणार असं सगळ्यांनी धरलं. प्रयोगांतूनही तसंच दिसायचं. पुढे उलगडलं ते असं, की प्रयोगशाळांत वापरात असलेल्या त्या जनुकाच्या प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये बाल्टिमोरला बर्ट फोगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी तपासल्या. सतराव्या गुणसूत्राचा पी-५३ असलेला तुकडा एका बाजूने गळलेला होता आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या प्रतीत चूक होती. गाठ वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही चांगल्या प्रती अशा नाहीशा होत नसतात, रोखणाऱ्याच्या होतात. त्याच वर्षी लेव्हिन यांच्या गटाने अस्सल प्रत पेशीत घालून दाखवली, ती गाठ होऊ देईना. १९९२ साली लेन यांनी त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. तुमच्या भावाची आणि त्या सगळ्यांची ठेच एकाच दगडाला लागली. किती आहे हे बघितलं, काम करतंय का हे बघायचं राहिलं.

आता तुमच्या आईबद्दल. ‘म्युटंट’ ही आणखी एक वाईट बातमी आहे असं समजून तुमची झोप उडाली आहे. ताई, तसं नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने याच प्रकारच्या ३१६ गाठींचं जनुकवाचन केलं. त्यातल्या ९६ टक्के गाठींत पी-५३चं जनुक बिघडलेलं निघालं. म्हणजे हा बिघाड या आजाराची ओळखच आहे. तो तुमच्या आईच्या वाट्याला वेगळा, जादा आलेला नाही. अंडाशयाचे दिसायला सारखे पण वागायला वेगळे असे कॅन्सर असतात. लो ग्रेड सिरसमध्ये पी-५३ सहसा शाबूत असतं आणि तो केमोला तितकासा दाद देत नाही. हाय ग्रेड सिरस सुरुवातीला केमोला बहुतेक वेळा चांगला प्रतिसाद देतो. तुमच्या पॅथॉलॉजिस्टने डब्ल्यूटी-१, पॅक्स-८ आणि पी-५३ ही तीन नावं एका ओळीत लिहिली ती निदान पक्कं करायला. पुढचं काय ते आजार कुठवर पसरलाय, ऑपरेशनमध्ये किती निघतो आणि केमोला काय प्रतिसाद मिळतो यावर ठरेल. पी-५३च्या त्या ओळीवर नाही.

तुमच्यात, मुलीत उतरलं असेल का? गाठीतला पी-५३चा हा बिघाड आईच्या आयुष्यात, एका पेशीत झालेला असतो. तो तिच्या बाकीच्या अंगात नसतो, म्हणून तुम्हाला वारशाने मिळत नाही. पी-५३चा बिघाड जन्मतःच घेऊन येणारी कुटुंबं असतात, पण फार थोडी. १९६९ मध्ये फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी अशा घरांचं वर्णन केलं आणि १९९० मध्ये कारण पी-५३चं जनुक असल्याचं कळलं. त्या घरांत लहानपणीच हाडांचे आणि स्नायूंचे कॅन्सर, मेंदूच्या गाठी, तिशीच्या आतबाहेर स्तनाचा कॅन्सर असं पिढ्यान्‌पिढ्या दिसतं. तुमच्या पत्रात असं काही नाही.

पण ताई, वारशाचा प्रश्न इथे संपत नाही. हाय ग्रेड सिरस झालेल्या साधारण सहा-सात बायकांमागे एकीत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकाचा बिघाड जन्मतः असतो. तीही रोखणारीच जनुकं आहेत, डीएनएची तुटलेली दोरी सांधणारी. तो बिघाड मात्र मुलाबाळांत उतरू शकतो, प्रत्येकाला निम्मी शक्यता. म्हणून या आजाराच्या प्रत्येक बाईची, घरात दुसरं कुणी आजारी असो वा नसो, रक्तातून बीआरसीए तपासणी व्हावी असा आज सल्ला दिला जातो. तपासणी आधी आईची. तिच्यात बिघाड निघाला तर ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा तिला जास्त उपयोग होतो, आणि मग तुमची आणि तुमच्या भावाची तपासणी करायची. हो, भावाचीही. पुरुषही तो बिघाड पुढे देतात आणि त्यांनाही त्यातून काही कॅन्सरचा धोका वाढतो. आईच्या रक्तात नाही निघाला तर तुमच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. पुढच्या केमोच्या दिवशी गर्दी असली तरी कागदावर एकच ओळ लिहून न्या, ‘आईची बीआरसीए तपासणी पाठवली आहे का?’

एक गोष्ट मला स्वतःला थक्क करते म्हणून सांगते. हा कॅन्सर अंडाशयाचा म्हणून ओळखला जातो, पण बऱ्याच जणींत त्याची सुरुवात बीजवाहिनीच्या टोकाच्या झालरीत होते. बीआरसीए बिघाड असलेल्या बायका खबरदारी म्हणून नळ्या आणि अंडाशय काढून घेतात, तेव्हा ती झालर बारीक काप करून तपासतात. कधीकधी सगळं निरोगी दिसतं आणि झालरीच्या एका घडीत दहा-पंधरा पेशींची एकच रांग गडद तपकिरी उठते. गाठ नाही, फोड नाही. रंगवल्याशिवाय ती रांग इतर पेशींत ओळखूही येत नाही. त्यातल्या बहुतेक रांगा पुढे कधीच कॅन्सर होत नाहीत. पण पी-५३चा बिघाड गाठीच्या किती आधी येऊन बसतो, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

आणि ते पित्ताचे चार महिने. तुमच्या पत्रात तक्रारीचा सूर नाही, मीही लावत नाही. पण वाचणाऱ्या प्रत्येक घराला सांगते, पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट नव्याने फुगायला लागलं, लवकर भरायला लागलं आणि दोन-तीन आठवड्यांत उतरलं नाही, तर गोळी बदलून घेऊ नका, सोनोग्राफी करून घ्या.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी आई किंवा आजी मिश्री लावते. मुली म्हणतात, आजी चाळीस वर्षं लावते, तिला काय झालं? तंबाखू नेमकं पेशीत काय करते हे मुलांना पटेल असं सांगता येईल का? — एक शिक्षक

उत्तर : सर, आजीचं उदाहरण खोटं ठरवायला जाऊ नका, मुली दुखावतील. त्यापेक्षा त्यांना फळ्यावर एक अक्षरमाळ दाखवा. पी-५३च्या साखळीत ३९३ अमिनो आम्लं असतात. बिघाड कुठेही होऊ शकतो, पण कॅन्सरमध्ये तो ठरावीक जागी पुन्हा पुन्हा सापडतो, १७५, २४८, २७३ अशा. तंबाखूच्या धुरातलं बेन्झोपायरीन हे रसायन डीएनएला कुठे जाऊन चिकटतं हे १९९६ मध्ये अमेरिकेत तपासलं. त्याने पी-५३च्या जनुकात पसंत केलेल्या जागा होत्या १५७, २४८ आणि २७३. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड जिथे सापडायचा, नेमक्या त्याच. चोराच्या बोटांचे ठसे तिजोरीवर मिळावेत तसं.

मिश्री तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजूनच करतात. जळण्यातून येणारी तसली रसायनं तिच्यात येतातच, आणि तंबाखूची स्वतःची नायट्रोसमाइनं वेगळी. बोटाने हिरड्यांवर चोळून ती तशीच धरून ठेवली जातात. गुटखा-माव्यात सुपारीची भर पडते. आपल्याकडच्या गाल-हिरड्यांच्या कॅन्सरचं जनुकवाचन पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जीनोम संस्था आणि खारघरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र यांनी मिळून केलं, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या यादीत पी-५३चं होतंच.

आजीला काही का झालं नाही? कारण एका बिघाडाने कॅन्सर होत नाही. राखणदार आधी बिघडला, तर त्यानंतरचे घाव बिनदुरुस्त साठत जातात, पण ते घाव बसायलाही वर्षं जातात. कुणाची वर्षं पुरतात, कुणाची नाही. मुलांना एक गोष्ट मात्र घरी करायला लावा. आजीला उजेडात बसवून आ करायला सांगा. गालाच्या आत न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही दिसलं तर दंतवैद्याकडे न्यायचं. माझ्याकडे आलेल्या चट्ट्यांच्या कापांत कॅन्सर नसायचा, पण तळाच्या थरातली केंद्रकं गडद तपकिरी असायची. अशा वेळी रिपोर्टवर मी हाताने लिहायचे, ‘तंबाखू बंद, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा’. किती जणी परत आल्या, ते मला अजून आठवतं. कमी आल्या.

मिश्री सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरतो. चाळीस वर्षांनी सोडली तरी उतरतो, हे आजीला जरूर सांगा.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यात आशा ताई म्हणून काम करते. ट्रेनिंगमध्ये सांगितलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये विषाणू पी-५३ मारतो. म्हणजे जनुक बिघडतं का?

उत्तर : फार नेमकं विचारलंत ताई. या आजारात पी-५३चं जनुक बहुतेक वेळा शाबूत असतं. एचपीव्ही या विषाणूचं ई-६ नावाचं प्रथिन पेशीतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरतं आणि चांगलं बनलेलं पी-५३ मोडीत पाठवत राहतं. जागल्या धडधाकट आहे, पण रोज रात्री त्याला कुणीतरी उचलून नेतं. विषाणूचंच ई-७ हे दुसरं प्रथिन आरबी या दुसऱ्या राखणदाराला निकामी करतं. दोन्ही दारं एकदम उघडी.

बरेचसे संसर्ग शरीर स्वतःच एक-दोन वर्षांत काढून टाकतं. वर्षानुवर्षं टिकतो तो धोक्याचा. म्हणून तिशीनंतर एचपीव्ही तपासणी. आणि हे जगाला पटवून देणाऱ्या मोठ्या अभ्यासांपैकी एक तुमच्याच जिल्ह्यात झाला, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? १९९९ पासून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या वाडीतल्या एखाद्या सत्तरीच्या आजीने कदाचित तेव्हा नमुना दिला असेल. तिला विचारा, आणि सुनांना तपासणीला पाठवताना तिलाच बोलायला लावा.

मुलींना ९ ते १४ वयात लस. पुण्यात बनलेली सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. लस झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून लवकर द्यायची. आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायची.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाची केमो चालू आहे. शेजाऱ्यांनी ‘पी-५३ जागवणारी’ पावडर आणून दिली, एक डबा ३,६०० रुपयांना. पत्रकावर हत्तीचं चित्र आहे, हत्तीत पी-५३ जास्त म्हणून त्याला कॅन्सर होत नाही असं लिहिलंय. द्यावी का? — सांगोल्याहून एक वाचक

उत्तर : देऊ नका, दादा. हत्तीची गोष्ट बरीचशी खरी आहे, म्हणूनच ती फसवते. माणसात पी-५३चं जनुक एक, म्हणजे आई-वडिलांकडून एकेक प्रत. हत्तीत त्याच्या वीस जागा आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी हे दाखवलं. हत्तीच्या पेशींना किरणोत्सर्ग दिला तर त्या आपल्या पेशींपेक्षा लवकर स्वतःला संपवतात. एवढा अवाढव्य देह, एवढ्या पेशी, इतकं आयुष्य, तरी कॅन्सर क्वचित. पण हत्तीला हे जन्मापासून, प्रत्येक पेशीत, लाखो वर्षांत जुळून आलेलं आहे. डब्यातून येत नाही.

उंदरांत शास्त्रज्ञांनी करून पाहिलंय. २००२ साली एका गटाने नेहमीच्याच नियंत्रणाखाली राहणाऱ्या जादा प्रती घातल्या, ते उंदीर कॅन्सरला चांगले टिकले. त्याच वर्षी दुसऱ्या गटाच्या उंदरांत पी-५३ सतत जागं राहिलं. त्यांना गाठी कमी झाल्या, पण ते लवकर म्हातारे झाले, पाठीला बाक आला, हाडं विरळ झाली. आणि ज्या उंदरांत एमडीएम-२च काढून टाकलं, ते गर्भातच मेले. जागल्याला घरी पाठवणारा कुणी नसेल तर जिवंत राहणंच अशक्य होतं. पी-५३ बाहेरून देण्याचे प्रयत्न अजून चालू आहेत. चीनमध्ये २००३ पासून पी-५३चं जनुक विषाणूतून थेट गाठीत टोचायचं औषध मंजूर आहे. एमडीएम-२ला अडवणाऱ्या गोळ्यांच्या चाचण्या झाल्या, त्यात प्लेटलेट घसरण्याचा त्रास दिसला. इतक्या काटेकोर औषधांची ही गत, तर पावडरीने काय होणार?

दुसरं, अधिक महत्त्वाचं. भावाच्या गाठीत पी-५३ बिघडलेलं असेल, निम्म्याच्या आसपास कॅन्सरमध्ये ते असतंच, तर ‘जागवायचं’ कुणाला? वर पहिल्या उत्तरात चिंचोक्यांची स्लाइड सांगितली. तिथे ते प्रथिन भरपूरच होतं.

पत्रकावर हळदीतल्या कुरक्युमिनचं नाव आहे असंही तुम्ही लिहिलंय. काचेच्या ताटलीत पेशींवर ते ओतलं तर परिणाम दिसतात, पण तोंडावाटे घेतलेलं फारच थोडं रक्तात पोहोचतं. आमटीतली हळद जरूर खाऊ द्या. एकवटलेल्या अर्काने मात्र काही जणांच्या यकृताला इजा झालेली आहे, आणि केमोची कित्येक औषधं त्याच यकृतातून जातात. यकृताच्या तपासणीत आकडे चढले की केमोचा पुढचा डोस लांबतो.

शेजाऱ्यांनी मायेने आणलंय, त्यांच्याशी वाद घालू नका. भावाने आतापर्यंत किती चमचे आणि किती दिवस घेतलीय ते लिहून ठेवा, आणि डबा पत्रकासकट पुढच्या केमोच्या दिवशी पिशवीत टाकून न्या. रक्त काढायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, म्हणजे यकृताची तपासणी त्याच नमुन्यातून होऊन जाईल.